149 कवट्या मोजायला बर्लिनला गेलेल्या इरावती कर्वे, आणि डोणगावात बसून मोफत वाचता येणारे त्यांचे लेख

समजा, डोणगावातली एक मुलगी आहे. मेहकर तालुक्यातलं डोणगाव, जिल्हा बुलढाणा. तिचं एम.ए. चालू आहे आणि तिला प्रबंधासाठी विषय सापडलाय. आपल्याकडं सून सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी का म्हणायची?

विषय भारी आहे. घरातल्या आजीला विचारून अर्धी माहिती मिळते. उरलेल्या अर्ध्यासाठी ती मोबाईल काढते, इंग्रजीत चार शब्द टाकते आणि समोर येतं कुलूप. लेखाचं नाव दिसतं, सुरुवातीच्या पाच-सहा ओळी दिसतात आणि खाली लिहिलेलं असतं, पुढचं वाचायचं तर डॉलरमध्ये पैसे भरा. एका लेखाचे पैसे इतके, की तेवढ्यात महिन्याभराचा रिचार्ज होऊन वर पैसे उरतील.

इथं बरेचजण विषय बदलतात.

पण याच प्रश्नामागं आयुष्याची तीसेक वर्षं घालवलेली एक बाई मराठी होती. तिचे लेख ज्या नियतकालिकांत छापून आले, त्यातली बरीचशी आज मोफत उघडतात. फक्त कुठं शोधायचं ते माहीत पाहिजे. आणि ते समजून घ्यायचं असेल, तर सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे त्या बाईंचं आयुष्यच बघणं. नाव इरावती कर्वे.

मराठी वाचणाऱ्याला 'युगान्त' माहीत असतं. महाभारतातल्या माणसांवरचं ते पुस्तक, 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेलं. पण लेखिका ही त्यांची अर्धी ओळख. भारतातल्या पहिल्या महिला मानववंशशास्त्रज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. माणसं कशी राहतात, कोणाशी लग्न करतात, कोणाला काय हाक मारतात, कोणासोबत जेवतात आणि कोणासोबत जेवत नाहीत, याचा अभ्यास म्हणजे हे शास्त्र.

त्यांचा जन्म 15 डिसेंबर 1905 चा, तेव्हाच्या ब्रह्मदेशातला, म्हणजे आजच्या म्यानमारमधल्या मिंज्यान गावचा. वडील गणेश हरी करमरकर तिथं नोकरीला होते. गावाजवळून इरावदी नदी वाहते. तिच्यावरून मुलीचं नाव ठेवलं इरावती. सात वर्षांची असताना तिला शिकायला पुण्याला पाठवलं. हुजूरपागा शाळेत मैत्रीण मिळाली शकुंतला परांजपे. शकुंतलेचे वडील म्हणजे रँग्लर परांजपे, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. इरावती त्याच घरात राहायला गेली. घरात पुस्तकं, वादविवाद, गणित, नाटक सगळंच होतं. एका मुलीचं आयुष्य कोणत्या घरात मोठं होतं यावर किती अवलंबून असतं, याचं हे उदाहरण. तिला ते घर मिळालं. त्या काळातल्या बाकीच्या हजारो मुलींना मिळालं नाही.

1926 मध्ये फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाल्या. मग दक्षिणा फेलोशिप मिळाली. या दक्षिणेची पण एक गोष्ट आहे. पेशवाईत विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जायची. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्या पैशातला काही भाग शिक्षणाकडं वळवला. 1821 मध्ये पुण्यातल्या विश्रामबाग वाड्यात सुरू झालेलं संस्कृत विद्यालय, जे पुढं डेक्कन कॉलेज झालं, त्यालाही याच फंडाचा आधार होता. तर अशा पैशावर इरावतीबाई मुंबई विद्यापीठात डॉ. गो. स. घुर्ये यांच्याकडं समाजशास्त्र शिकायला गेल्या. घुर्ये मूळचे मालवणचे आणि त्या काळातले या विषयातले देशातले बडे प्राध्यापक. 1928 मध्ये त्यांच्या हाताखाली इरावतीबाईंनी एम.ए. केलं. प्रबंध होता चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे स्वतःच्याच जातीवर.

दरम्यान लग्न झालं होतं. नवरा दिनकर धोंडो कर्वे, फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्राचे प्राध्यापक. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवाविवाह, स्त्रीशिक्षण, महिला विद्यापीठ ही सगळी ज्यांची कामं, त्या घरची सून.

पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचं ठरलं, तेव्हा मात्र खुद्द महर्षींचा विरोध होता. दिनकररावांनी स्वतः जर्मनीत शिक्षण घेतलेलं होतं आणि बायकोनं जावं असं त्यांना वाटत होतं. पैसे कर्जाऊ मिळाले ते डॉ. जीवराज मेहतांकडून. हेच मेहता पुढं गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. 1928 च्या अखेरीस इरावतीबाई बर्लिनला निघाल्या.

आता इथं जरा थांबायला पाहिजे.

त्या जिथं दाखल झाल्या, ती संस्था होती कैसर विल्हेल्म सोसायटीची मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र संस्था. बर्लिनच्या डाहलेम भागात 1927 मध्ये ती सुरू झाली होती. संचालक ऑयगेन फिशर. हा माणूस तेव्हा जगातल्या नावाजलेल्या शास्त्रज्ञांपैकी एक. त्यानं आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत, आजच्या नामिबियात, मिश्र वंशाच्या लोकांवर संशोधन केलं होतं आणि वंशावंशांत उच्चनीच असतं असं तो मांडत होता. त्यानं दोन सहकाऱ्यांसोबत लिहिलेलं आनुवंशिकतेवरचं पुस्तक हिटलरनं तुरुंगात वाचल्याचं मानलं जातं.

फिशरनं इरावतीबाईंना विषय दिला कवट्यांचा. माणसाची कवटी डावी-उजवीकडं अगदी सारखी नसते. थोडी वाकडी असते. फिशरचं गृहीतक असं, की युरोपीय लोकांचा मेंदू एका बाजूला जास्त विकसित असल्यामुळं त्यांच्या कवटीतला हा फरक इतरांपेक्षा जास्त असणार. म्हणजे गोरा माणूस जास्त हुशार, आणि ते कवटीत दिसतं. इरावतीबाईंनी ते मोजून सिद्ध करायचं होतं.

त्यांनी 149 कवट्या मोजल्या. काही युरोपातल्या, आणि बऱ्याचशा जर्मन वसाहतींतून, विशेषतः पूर्व आफ्रिकेतून आणलेल्या. त्या कवट्या ज्यांच्या होत्या, त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना कोणी विचारलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

आकडे आले आणि गृहीतक पडलं. कवट्या वाकड्या होत्या, पण वंशाप्रमाणं नाही. युरोपीय आणि बिगरयुरोपीय असा फरक त्यात सापडेना. पंचविशीच्या आतली, कर्ज काढून आलेली, गुलाम देशातली एक मुलगी. समोर जगप्रसिद्ध संचालक. त्याच्या मनाजोगता निष्कर्ष लिहिणं किती सोपं होतं. त्यांनी जे मोजलं तेच लिहिलं. 1930 मध्ये त्या डॉक्टरेट घेऊन परत आल्या. प्रबंध जर्मन भाषेत छापला गेला.

तीन वर्षांनी हिटलर सत्तेवर आला. फिशर बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. पुढच्या संचालकाच्या काळात तर ऑशविट्झच्या छळछावणीतून योसेफ मेंगेले या संस्थेकडं माणसांचे नमुने पाठवत होता. 149 कवट्यांच्या त्या लहानशा प्रबंधाकडं आज इतकं लक्ष दिलं जातं, ते या सगळ्यामुळं.

आता या गोष्टीचं दुसरं टोक. युद्धानंतर कैसर विल्हेल्म सोसायटी मोडीत निघाली आणि 1948 मध्ये तिच्या जागी माक्स प्लांक सोसायटी उभी राहिली. याच माक्स प्लांक सोसायटीच्या पुढाकारानं ऑक्टोबर 2003 मध्ये बर्लिन जाहीरनामा निघाला. सार्वजनिक पैशातून झालेलं संशोधन इंटरनेटवर सगळ्यांना मोफत वाचता यावं, असं सांगणारा. आज ज्याला ओपन अ‍ॅक्सेस म्हणतात, त्या चळवळीतला हा एक मोठा टप्पा. डोणगावच्या मुलीला आज जे मोफत लेख मिळतात, त्यामागं हा जाहीरनामा पण आहे.

परत इरावतीबाईंकडं. भारतात आल्यावर 1931 ते 1936 त्या मुंबईत सासऱ्यांनीच काढलेल्या महिला विद्यापीठात, म्हणजे आजच्या एस.एन.डी.टी.त, कुलसचिव होत्या. फायली आणि सह्या. जीव काही रमला नाही. या काळातही त्यांचे लेख येत राहिले, मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात. एक परशुरामाच्या कथेवर, एक चित्पावनांवर.

1939 मध्ये डेक्कन कॉलेज पुन्हा उघडलं. हे कॉलेज इंग्रज सरकारनं 1934 मध्ये बंद केलं होतं. माजी विद्यार्थी कोर्टात गेले, लढले, आणि येरवड्याच्या त्याच दगडी इमारतीत पदव्युत्तर आणि संशोधन संस्था सुरू झाली. पुरातत्त्वाला ह. धी. सांकलिया, भाषाशास्त्राला सु. मं. कत्रे आणि समाजशास्त्राला इरावती कर्वे. त्या शेवटपर्यंत इथंच राहिल्या.

संस्थेनं स्वतःचं संशोधन नियतकालिक काढलं, बुलेटिन ऑफ द डेक्कन कॉलेज. सुरुवातीच्याच अंकांत इरावतीबाईंचा एक लेख आहे, महाराष्ट्रातले नात्यांचे शब्द आणि नात्यांच्या चालीरीती यावर. आत्याबाई आणि मामंजीचं उत्तर शोधणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. भाषेत नात्यांसाठी जे शब्द आहेत ते सहज पडलेले नाहीत. कोण कोणाशी लग्न करायचं, याचा इतिहास त्यात साठलेला असतो. उत्तर भारतात मुलगी लांब, अनोळखी गावात आणि रक्ताचं नातं नसलेल्या घरात देतात. त्यामुळं तिथं माहेरच्या माणसांचे शब्द वेगळे आणि सासरच्यांचे वेगळे. दक्षिणेत मामाशी किंवा मामे-आते भावंडांत लग्नं होतात. तिथं मुलगी लग्न करून जाते ती ओळखीच्याच घरात. त्यामुळं मामा आणि सासरा यांना एकच शब्द चालून जातो.

आणि महाराष्ट्र? तो मधोमध. भाषा उत्तरेकडची, चाली बऱ्याचशा दक्षिणेकडच्या. इथं अनेक जातींत मामाची मुलगी केलेली चालते. आत्याची मुलगी शक्यतो नाही. आता हेच मुलीच्या बाजूनं बघा. मुलाला मामाची मुलगी, म्हणजे मुलीला आत्याचा मुलगा. सासू कोण? आत्या. आत्याच्या नवऱ्याला अनेक घरांत मामाच म्हणतात. सासरा कोण? मामा. झाली आत्याबाई, झाले मामंजी. लग्न नात्याबाहेर व्हायला लागलं तरी हाक मारायचे शब्द तसेच राहिले.

या कामासाठी त्या देशभर हिंडल्या. आसाम, ओरिसा, केरळ, गुजरात. पैसा बेताचा, सोबत कधी विद्यार्थी, कधी एकट्याच. नात्यांचे शब्द पुस्तकात मिळत नाहीत. ओट्यावर, बसथांब्यावर, स्वयंपाकघरात बसून बायकांना विचारावे लागतात. पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई म्हणून त्यांची आठवण सांगतात. कुंकू-मंगळसूत्र नाही, नवऱ्याला नावानं आणि एकेरीत हाक. पण घरोघरी जाऊन बायकांशी त्या कुलाचार आणि देवदेवकांवर तासन् तास बोलायच्या.

1951 च्या सुमारास लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीजमध्ये बोलावणं आलं. तिथं राहून या सगळ्या सामग्रीचं पुस्तक आकाराला आलं आणि 1953 मध्ये डेक्कन कॉलेजनं ते छापलं. भारतातल्या नातेसंबंधांवरचं त्यांचं हे मुख्य पुस्तक. देशाचे चार पट्टे, उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व, ही त्यांची मांडणी आजही या विषयाच्या विद्यार्थ्यांना शिकवतात.

मधल्या काळात त्यांनी उत्खननही केलं. उत्तर गुजरातमधल्या लांघणज इथं 1940 च्या दशकात सांकलियांबरोबर अश्मयुगीन माणसांचे सांगाडे काढले. त्यावरचा दोघांचा लेख 1949 मध्ये अमेरिकन अँथ्रोपोलॉजिस्ट या नियतकालिकात आला. हे अमेरिकेतल्या या विषयाच्या संघटनेचं मुख्य नियतकालिक. 2008 मध्ये या संघटनेनं त्याचे 35 वर्षांहून जुने लेख वाचायला खुले करायचं जाहीर केलं. त्यामुळं हा लेख त्या मर्यादेत आरामात बसतो.

घुर्ये गुरू होते, पण जातीच्या प्रश्नावर इरावतीबाई त्यांच्याशी सहमत नव्हत्या. घुर्यांचं मत असं, की एक समाज फुटत फुटत गेला आणि जाती-पोटजाती तयार झाल्या. इरावतीबाईंनी कुंभारांचं उदाहरण घेतलं. महाराष्ट्रात कुंभार म्हणवणारे अनेक गट आहेत. त्यांची चाकं वेगळी, भांडी घडवायची पद्धत वेगळी, आपसात लग्नं नाहीत. मग हे एका जातीचे तुकडे कसे? वेगवेगळ्या ठिकाणचे वेगवेगळे गट, एकच धंदा करतात म्हणून एका नावाखाली आले, असं त्यांचं म्हणणं. 1961 च्या हिंदू समाजावरच्या पुस्तकात हे सविस्तर आहे.

पण याच युक्तिवादासाठी त्यांनी माणसांची डोकी, नाकं, उंची मोजली. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांबरोबर 1951 मध्ये महाराष्ट्रातल्या अशा मोजमापांवर एक ग्रंथच काढला. बर्लिनमध्ये ज्या बाईंनी वंशाचं गृहीतक आकड्यांनी पाडलं, त्याच बाई पुण्यात परत येऊन बर्लिनचीच मोजपट्टी वापरत राहिल्या. आजचे अभ्यासक यावर टीका करतात आणि ती रास्त आहे. उच्चनीच त्यांनी मानलं नाही, पण जात शरीरात मोजता येते ही कल्पना सोडायला त्यांना जड गेलं. त्यांचे लेख वाचताना हे डोक्यात ठेवलेलं बरं.

मोजपट्टी बाजूला ठेवून लिहिलेल्या एका लेखाचं मात्र सोनं झालंय. त्या आळंदीहून ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या. ते सगळं 'वाटचाल' नावाच्या मराठी लेखात आलं. भजन, पाऊस, पायाचे फोड, बायकांच्या गप्पा. आणि एक सल. एकाच दिंडीत ब्राह्मणांचा आणि मराठ्यांचा स्वयंपाक वेगळा, पंगत वेगळी. दिवसभर एकत्र गायचं आणि जेवायला बसताना फुटायचं. हे त्यांना लागलं आणि त्यांनी ते लिहिलं. महाराष्ट्राची व्याख्याही त्यांना तिथंच सापडली, ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. त्यामुळं बुलढाण्यातल्या माणसाला ही व्याख्या समजावून सांगायची गरज नाही.

दिनकररावांनी या लेखाचं इंग्रजी भाषांतर केलं आणि ते 1962 मध्ये जर्नल ऑफ एशियन स्टडीज या अमेरिकी नियतकालिकात आलं. वारीवर जगभरात जे लिहिलं जातं, त्यात या लेखाचा उल्लेख येतोच येतो.

तर हे सगळं वाचायचं कुठं?

डेक्कन कॉलेजचं बुलेटिन आणि भांडारकर संस्थेचे अ‍ॅनल्स, ज्यात इरावतीबाईंचा वेदकाळातल्या नातेसंबंधांवरचा लेख आहे, ही दोन्ही जेस्टोर नावाच्या संग्रहात आहेत. जेस्टोरवर ईमेलनं मोफत खातं उघडता येतं आणि तीस दिवसांत 100 पर्यंत लेख स्क्रीनवर वाचता येतात. डाउनलोड होत नाहीत, पण वाचता येतात. सगळेच लेख या सवलतीत नसतात, तरी अशा जुन्या लेखांसाठी पहिली थाप इथं मारावी. दुसरी इंटरनेट आर्काइव्हवर. तिथं जुन्या अंकांच्या स्कॅन केलेल्या प्रती आहेत. मुंबईत 1886 मध्ये स्थापन झालेल्या अँथ्रोपोलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकाचे जुने अंकही तिथं सापडतात.

शोधताना एक अडचण येते. इरावती या नावातल्या 'व' साठी इंग्रजीत कधी डब्ल्यू लिहिलंय, कधी व्ही. दोन्ही टाकून बघायचं. तीच गत गावांची. बुलढाण्याचं जुनं इंग्रजी स्पेलिंग मधल्या एच शिवाय आहे. पुणे म्हणजे पूना. आजच्या स्पेलिंगनं शोधलं की जुनी अर्धी कागदपत्रं दिसतच नाहीत आणि माणूस समजतो की काहीच नाही.

नवे लेख हवे असतील तर रस्ता वेगळा. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातून 2003 मध्ये डिरेक्टरी ऑफ ओपन अ‍ॅक्सेस जर्नल्स ही यादी सुरू झाली. यात फक्त मोफत वाचता येणारी आणि तपासून घेतलेली नियतकालिकं असतात. विषयात अँथ्रोपोलॉजी निवडलं की जगभरातली यादी समोर येते. कल्चरल अँथ्रोपोलॉजी हे या विषयातलं मोठं अमेरिकी नियतकालिक 2014 पासून पूर्ण खुलं आहे. भारतातले पीएच.डी. प्रबंध शोधगंगावर आहेत. आपल्या भागावर कोणी काम केलंय का ते तिथं आधी बघावं. कारण प्रबंधाच्या शेवटी संदर्भांची जी यादी असते, ती म्हणजे आयतं घबाड.

या यादीचा आणखी एक फायदा. मोफत म्हणजे चांगलंच असं नाही. पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या बोगस जर्नलचे मेसेज विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज फिरत असतात. नाव या यादीत नसेल तर चार वेळा विचार करावा.

आणि सरकार? 25 नोव्हेंबर 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं एक राष्ट्र एक सबस्क्रिप्शन योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं. सरकारी उच्चशिक्षण संस्थांमधल्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना ही कुलूपबंद नियतकालिकं वाचता येतात. डोणगावची मुलगी अशा संस्थेत शिकत असेल, तर तिनं ग्रंथपालांना लॉगिन मागायला पाहिजे. बऱ्याचजणांना हे आपल्यासाठी आहे हेच माहीत नसतं. पण तिचं शिक्षण संपलं की लॉगिन संपलं. आणि जिनं माहिती दिली, त्या आजीसाठी तर ही योजना नाहीच.

हा प्रश्न इरावतीबाईंच्या शेवटच्या कामाला जास्त लागू होतो. कोयना धरणासाठी गावंच्या गावं उठली. ती माणसं कुठं गेली, त्यांना जमीन मिळाली का, पाणी मिळालं का, याची पाहणी त्यांनी मुलगी जाई निंबकर यांच्यासोबत केली. 1969 मध्ये डेक्कन कॉलेजनं ती छापली. पुनर्वसन धड झालेलं नव्हतं, हे त्यातून पुढं आलं. धरणग्रस्तांवरच्या देशातल्या सुरुवातीच्या अभ्यासांपैकी हा एक. बुलढाणा जिल्ह्यात जिगाव प्रकल्पाची गावं आजही उठतायत. त्या गावातल्या एखाद्या कार्यकर्त्याला हा अभ्यास जितका कामाचा आहे, तितका परदेशातल्या प्राध्यापकालाही नसेल.

1968 मध्ये राज्याच्या गॅझेटिअर मालेत त्यांचा महाराष्ट्राची भूमी आणि लोक यावरचा इंग्रजी ग्रंथ आला. प्रदेश, जाती, देव, सण, बाजार सगळं त्यात आहे. राज्याच्या गॅझेटिअर विभागानं जुने जिल्हा खंड इंटरनेटवर मोफत ठेवलेत, त्यात बुलढाण्याचाही आहे. डोणगावच्या मुलीनं हे दोन ग्रंथ शेजारी शेजारी ठेवून वाचले, तर प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिथंच उभं राहील.

11 ऑगस्ट 1970 ला पुण्यात इरावतीबाई गेल्या. वय 64. एक मुलगी जाई, मुलगा आनंद, आणि धाकटी गौरी, म्हणजेच लेखिका गौरी देशपांडे.

भारतीय कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट राहतो. म्हणजे इरावतीबाईंनी एकटीनं लिहिलेलं सगळं, 'परिपूर्ती', 'युगान्त', नातेसंबंधांवरचं 1953 चं पुस्तक, हे 1 जानेवारी 2031 पासून सार्वजनिक होईल. त्या दिवसापासून कोणालाही ते टाइप करून, मराठीत आणून, मोफत टाकता येईल. 1953 च्या पुस्तकासाठी त्यांनी ज्या बायकांच्या ओट्यावर बसून शब्द गोळा केले, त्यांच्या पणत्या तोवर कॉलेजात असतील.